एकदा मोजलं म्हणजे झालं असं नाही

मशीनपाशी आवाजाचा मीटर धरला, ८५ डेसिबल आले, मग अंगावर डोसिमीटर (दिवसभरात माणसाला मिळालेली एकूण मात्रा मोजणारं छोटं यंत्र) कशाला, असं कामगारांच्या सुरक्षेबद्दल बोलताना विचारलं जातं. कारण माणूस दिवसभर एका जागी उभा नसतो. थोडा वेळ ग्राइंडरपाशी, मग कंप्रेसरच्या खोलीत, मग जेवणाची सुट्टी; या सगळ्याची बेरीज डोसिमीटरचा खांद्यावर लावलेला माइकच करतो. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल ८ तास चालतात, ८८ फक्त ४ तास आणि ९१ दोनच. ओशाचं (OSHA, तिथलीच कामगार-सुरक्षेचे नियम लावणारी सरकारी संस्था) गणित मात्र ९० डेसिबलला ८ तास धरून ५-५ च्या टप्प्यानं जातं, तेव्हा डोसिमीटरचं सेटिंग न बघता त्यावरची मात्रेची टक्केवारी वाचू नका. माइकवर कॉलर घासत राहिली तरी आकडा फुगतो.

एक्स-रेसारख्या किरणांची मात्रा मोजणाऱ्या, अंगावर लावायच्या टीएलडी बॅजचं वेगळं. त्यातलं द्रव्य प्रयोगशाळेत तापवतात, निघालेल्या प्रकाशावरून मात्रा काढतात. म्हणजे कळतं ते नंतर. अचानक जास्त मात्रा मिळायची शक्यता असेल तिथे अलार्म वाजवणारा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर सोबत हवाच. आणि कृपा करून बॅज एप्रनला अडकवून एक्स-रेच्या खोलीत सोडून जाऊ नका. तुम्ही न घेतलेली मात्रा तुमच्या नावावर चढते.