एकाच मशीनवर पीडीएफ उघडताना ‘वाचनासाठी तयार होत आहे’ म्हणून अडकते, काय बंद करू?

टायपिंग_पोवईनाका (सातारा)
झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात दोन मशीन आहेत. दोन्ही विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. त्यातल्या एकावर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये पीडीएफ उघडली की ‘डॉक्युमेंट वाचनासाठी तयार होत आहे, थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी खिडकी येते आणि तिच्यातली पट्टी अर्धा-पाऊण मिनिट सरकत राहते. तोवर काहीच करता येत नाही. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला तर फाइल झटक्यात उघडते. कोडं असं की टेंडरची ३०० पानी फाइल लगेच उघडते, फक्त पान उलटताना अडखळते. ४० पानी दस्त मात्र सुरुवातीलाच अडकतो. रीडर काढून परत टाकला, अँटीव्हायरस बंद करून पाहिला, फरक शून्य. गिऱ्हाईक समोर ताटकळतं. उपाय सांगा.

मिरज_हार्डवेअर
तुमच्या कोड्यातच उत्तर आहे. रीडरला वाटतंय की या मशीनवर अंध व्यक्तीसाठीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, चालू आहे. म्हणून तो प्रत्येक फाइलचा मजकूर कुठल्या क्रमाने वाचून दाखवायचा ते ठरवत बसतो. फाइलमध्ये टॅग, म्हणजे हा मथळा, हा तक्ता असं सांगणाऱ्या आतल्या खुणा, नसतील तर रकाने, तक्ते, मथळे सगळं अंदाजाने लावावं लागतं, वेळ त्यातच जातो.

रीडरमध्ये कंट्रोल + के दाबा, सेटिंगची खिडकी उघडेल, तिच्यात डावीकडे ‘रीडिंग’ निवडा. ‘पेज व्हर्सेस डॉक्युमेंट’ला तीन पर्याय दिसतील. तुमच्याकडे ‘मोठी फाइल असेल तरच फक्त दिसणारी पानं वाचा’ हा असणार. त्याखाली मोठी फाइल म्हणजे किमान किती पानं, तो आकडा असतो, मुळात ५०. म्हणून ४० पानी दस्त अख्खा चाळला जातो आणि ३०० पानी टेंडर पानागणिक. पर्याय बदलून ‘ओन्ली रीड द करंटली व्हिजिबल पेजेस’ करा.

त्याच जागी ‘रीडिंग ऑर्डर’मध्ये ‘इन्फर’ ऐवजी ‘रॉ प्रिंट स्ट्रीम’ ठेवा. मग क्रमाचा अंदाज लावणं थांबतं, फाइलमध्ये शब्द ज्या क्रमाने आलेत तसेच घेतले जातात. ‘कन्फर्म बिफोर टॅगिंग डॉक्युमेंट्स’वर टिक करा, म्हणजे चाळणी सुरू करण्याआधी तो विचारेल आणि तुम्हाला कॅन्सल म्हणता येईल. कंट्रोल + एफचा शोध अख्ख्या फाइलमध्ये पूर्वीसारखाच चालतो, ती काळजी नको.

अक्षरजुळणी_सांगली
वरचं सगळं बरोबर, पण तो मलम झाला. रीडरला स्क्रीन रीडर असल्याचं सांगतंय कोण, ते शोधा. विंडोजमध्ये दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीतला मजकूर मागायची सोय आहे. ती स्क्रीन रीडर वापरतो, तशी इतर प्रोग्रामही वापरतात: माउस शब्दावर नेला की अर्थ दाखवणारे शब्दकोश, फॉर्म आपोआप भरणारी टूल्स, पडद्यावरचा कीबोर्ड. रीडरला यातला फरक कळत नाही.

आधी नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, बघा. विंडोज + कंट्रोल + एंटर चुकून दाबलं की तो सुरू होतो, स्पीकर बंद असला तर पत्ताही लागत नाही. तेच परत दाबलं की बंद. पडद्यावरच्या कीबोर्डचं बटण विंडोज + कंट्रोल + ओ. यानंतर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधली संशयित टूल्स एकेक बंद करायची, दर वेळी मशीन रीस्टार्ट करून तोच ४० पानी दस्त उघडायचा. फाइल तीच ठेवा, नाहीतर तुलना कळत नाही.

टच कीबोर्डची सर्व्हिस कायमची बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळेल, तो नको. ती बंद केली की काही मशीनवर स्टार्ट मेनूच्या शोधात टाइपच होत नाही. टायपिंगच्या दुकानात हे परवडायचं नाही.

खटाव_४१५
एवढा व्याप कशाला? रीडरच्या ‘प्लग_इन्स’ फोल्डरमधली ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी.एपीआय’ फाइल, म्हणजे स्क्रीन रीडरला मजकूर पुरवणारं प्लगइन, उडवा, विषय संपला.

मिरज_हार्डवेअर
दादा, उडवू नका, नाव बदला. शेवटी ‘.ओल्ड’ जोडलं तरी ती लोड होत नाही आणि हवी तेव्हा परत आणता येते. आधी टास्क मॅनेजरमधून रीडरच्या सगळ्या प्रोसेस बंद करा, नाहीतर विंडोज हात लावू देत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागेल. फोल्डर शोधताना लक्षात ठेवा, ३२ बिट रीडर ‘अ‍ॅक्रोबॅट रीडर डीसी’ नावाने असतो आणि नवा ६४ बिट ‘अ‍ॅक्रोबॅट डीसी’ नावाने. अपडेट आलं की मूळ फाइल पुन्हा येऊन बसते, आणि दोन महिन्यांनी ‘परत तेच सुरू झालं’ म्हणून लोक विचारायला येतात. म्हणून हा शेवटचा उपाय.

एनव्हीडीए_वापरणारा
त्या मशीनवर कोणी अंध व्यक्ती बसणार असेल तर प्लगइनला हात लावू नका. आमचा स्क्रीन रीडर मग पीडीएफवर मुका होतो. वाचनालयं, कॉलेजच्या लॅब इथे हे सर्रास घडतं. दुकानात कोणी अंध गिऱ्हाईक स्वतः फाइल तपासणार असेल तर त्यांच्यासाठी वेगळा विंडोज यूजर करा. ‘रीडिंग’च्या सेटिंग दर यूजरच्या वेगळ्या राहतात, प्लगइनचं नाव मात्र सगळ्यांसाठी बदलतं.

आणि हे दुखणं तुम्हीच बनवलेल्या फाइलींत कमी करता येतं. वर्डमधून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं तर टॅग येत नाहीत. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’वर टिक ठेवा. टॅग आधीच असले की रीडरला अंदाज बांधत बसावं लागत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला दस्त डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तो आम्हाला कुठल्याही सेटिंगने वाचता येत नाही.

टायपिंग_पोवईनाका (सातारा)
नॅरेटर बंदच होता. स्टार्टअपमध्ये एक इंग्रजी-मराठी शब्दकोश निघाला, माउस नेला की अर्थ दाखवणारा. तो बंद करून रीस्टार्ट केल्यावर ४० पानी दस्त दोन-तीन सेकंदांत उघडतो, ती खिडकी येत नाही. शब्दकोश परत सुरू केला की येते, दोनदा करून पाहिलं. शब्दकोश लागतोच, म्हणून तो गरजेपुरता हाताने सुरू करणार आणि ‘फक्त दिसणारी पानं’ ही सेटिंग तशीच ठेवणार. प्लगइनला हात लावला नाही. श्रीलिपीचे जुने नमुने युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर कोणता बरा? जोडाक्षरं आणि रफार मोडायला नकोत.