शब्दचर्चा: हितसंबंध, हितसंघर्ष आणि कंपनीतून खात्यात आलेला ‘तज्ज्ञ’

इचलकरंजीहून
अमेरिकेच्या शेतीधोरणावरचा मजकूर मराठीत लिहितोय. टॉम व्हिलसॅक २००९ ते २०१७ कृषिमंत्री होते, मग दुग्धउद्योगाच्या निर्यात परिषदेचे प्रमुख झाले, २०२१ मध्ये पुन्हा कृषिमंत्री. याला ‘हितसंबंध’ म्हणायचं की ‘हितसंघर्ष’? आणि इंग्रजीतल्या ‘रिव्हॉल्व्हिंग डोअर’ला ‘फिरता दरवाजा’ चालेल का?

शिरोळहून
दादा, दोन्ही शब्द वेगळे आहेत, वर्तमानपत्रं त्यांची सरमिसळ करतात. हितसंबंध म्हणजे एखाद्या निर्णयात आपलं काही गुंतलेलं असणं. ऊसदरात कारखान्याचा हितसंबंध आहे तसा उत्पादकाचाही आहे, त्यात गैर काही नाही. निवाडा करायची जबाबदारी आणि त्यात गुंतलेलं हित एकाच माणसाकडे आलं की हितसंघर्ष. पैसे खाल्ले तर तो भ्रष्टाचार. हितसंघर्ष त्याच्या आधीच, खुर्चीवर बसल्या क्षणी सुरू होतो. म्हणून ‘कुंपणानं शेत खाल्लं’ ही म्हण इथं लावू नका. ती खाऊन झाल्यावरची आहे.

‘फिरता दरवाजा’ वाचून मराठी वाचकाला हॉटेल आठवेल. ‘कंपनी आणि खातं यांच्यातली ये-जा’ लिहा, लगेच कळतं.

कागलहून
उसाचं उदाहरण घ्या, फरक हातात येईल. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. म्हणजे टनाला ३४.६०. उतारा १२ धरला तर टनाला ४,१५५.५०, साडेअकरा धरला तर ३,९८२.५०. फरक १७३ रुपयांचा. शंभर टन घालणाऱ्याचे १७,३०० गेले. तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच. आता उसाचा रस किंवा बी हेवी मळी (जिच्यात अजून साखर शिल्लक असते ती) इथेनॉलकडे वळवली की पोत्यात साखर कमी दिसते, मग ती तूट उताऱ्यात किती मिळवायची हा नियमाचा प्रश्न होतो. तो नियम ठरवणाऱ्या समितीत कारखान्याचा माणूस ‘तज्ज्ञ’ म्हणून बसला, तर एक पैसा न घेताही हितसंघर्ष झालाच.

माझा खरा आक्षेप ‘तज्ज्ञ’ या शब्दावर आहे. २०१३ च्या राज्य कायद्यानं नेमलेल्या ऊस दर नियंत्रण मंडळात कारखान्यांचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी उघड त्या नावानं बसतात. ते प्रतिनिधित्व, कोण कुणाची बाजू मांडतोय हे सगळ्यांना दिसतं. ‘तज्ज्ञ’ म्हटलं की बाजूच पुसली जाते. मायकेल टेलर १९९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनात धोरण उपायुक्त झाले. त्याआधी ज्या वकिली संस्थेत होते तिची मोन्सँटो ही बियाणं-रसायनं कंपनी अशील होती. पुढं ते मोन्सँटोत उपाध्यक्ष झाले आणि २००९ मध्ये पुन्हा प्रशासनात आले. त्यांना नुसतं ‘अन्नसुरक्षा तज्ज्ञ’ लिहिलं तर वाचकाची दिशाभूल होते. ‘मोन्सँटोचे माजी उपाध्यक्ष’ हे त्याच वाक्यात आलं पाहिजे, खालच्या परिच्छेदात नको.

गडहिंग्लजहून
‘लाभाचे पद’ मात्र इथं वापरू नका, ही चूक फार दिसते. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ मधला तो शब्द आहे: खासदार-आमदारानं सरकारचं लाभ देणारं पद घेतलं तर अपात्रता. कारखान्याच्या संचालकाला किंवा बियाणं कंपनीच्या अधिकाऱ्याला तो लागत नाही.

इचलकरंजीहून
आभारी आहे. आपला विषय आला की बैठकीतून उठणं, याला काय लिहू?

शिरोळहून
‘त्या विषयापुरते बाजूला होणे’. ‘अलिप्त राहणे’ नको. अलिप्त माणूस मतदान करत नाही, पण खोलीतच बसून राहू शकतो. आणि कार्यवृत्तात कोणत्या विषयाला उठले ते लिहिलेलं असेल तर विषय क्रमांकासकट द्या.