शेलरची मूल्यश्रेणी : प्रतीत होणारी की लादलेली?

चौकस
जर्मन तत्त्वज्ञ माक्स शेलरने (1874–1928) कांटच्या नीतिशास्त्रावर घेतलेला आक्षेप बिनतोड आहे. कांट धरून चालला की अनुभवपूर्व (अनुभवाच्या आधाराशिवाय कळणारं) म्हणजे निव्वळ आकार, आणि आशय आला की सुखाची ओढ आलीच. शेलरने 1913 आणि 1916 अशा दोन भागांत, तत्त्वज्ञ हुसेर्लच्या वार्षिकातून, ही गाठच सोडवली : मूल्यांना आशय असतो, तरी ती भावनेत थेट प्रतीत होतात. इथवर मान्य. पण त्याची चार पायऱ्यांची उतरंड (सुखद; प्राणिक, म्हणजे जीवनशक्तीची; आत्मिक, म्हणजे सौंदर्य, न्याय, ज्ञान यांची; आणि पवित्र) वरून लादलेली वाटते. वरचं मूल्य ओळखायच्या खुणा पाच : टिकाऊपणा, अविभाज्यता, खालच्या मूल्याला आधार देणं, समाधानाची खोली, आणि जीवाच्या शरीररचनेवर कमी अवलंबून असणं. यातली तिसरी तर उलटीच. म्हणे प्राणिक मूल्यं आत्मिकावर उभी! उपाशी माणूस सिंफनी ऐकेल?

नाठाळ
'आधार' तुम्ही कार्यकारणाचा धरलात, तिथेच घसरलात. यंत्र कुठल्या सुखाच्या कामी येतं हे उमगल्याशिवाय त्याची उपयुक्तता मूल्य म्हणून उमगत नाही. म्हणून उपयुक्त हे सुखदावर उभं. भुकेचा इथे संबंध नाही. शिवाय खुणा म्हणजे पुरावा नव्हे. श्रेणी कळते ती पसंतीच्या कृतीत, आणि पसंती म्हणजे निवड नव्हे. काहीच करायचं नसतानाही ती घडते. दुसरी खूण, अविभाज्यता, शेलरच्याच उदाहरणाने तपासा : कापड अर्धं कापलं तर साधारण अर्धं मोल उरतं. चित्र कापून बघा.

चौकस
यंत्रापुरती साखळी चालते. पण जीवनाचं मूल्य आत्मिकावर कसं उभं? शेलरचा युक्तिवाद असा की जीवनाचं मोल जाणणारी कृती आत्मिक असते. जाणणारा वरचा, म्हणून जाणलेलं त्याच्या आधारावर? हे पटत नाही. आणि कोणी श्रेणी नाकारली की 1912च्या लेखनातला 'रेसांतिमां' पुढे करायचा : जे मिळत नाही त्याला कमी लेखणारी विषारी असूया. म्हणजे विरोधक आपोआप आंधळा! मग 1915 साली युद्धाचे गोडवे गाणारं पुस्तक लिहिताना याच्या स्वतःच्या डोळ्यांना काय झालं होतं?

माजघर
युद्धाचं पुस्तक बाजूला ठेवा, त्याने सिद्धान्त पडत नाही. खरी दुरुस्ती जर्मन तत्त्वज्ञ निकोलाय हार्टमानने 1926मध्ये केली. उंची वेगळी, बळ वेगळं. खून हा भयंकर अपराध, पण खून न करणं हा काही मोठा सद्गुण नव्हे. खालचं मूल्य मोडलं तर घाव जबर, वरचं गाठलं तर गौरव थोर. शेलरकडे एकच माप आहे, त्यामुळे आधी भाकरी की आधी ग्रंथालय या प्रश्नावर त्याची श्रेणी मुकी राहते.

नाठाळ
हार्टमानचं माप कामाचं, मान्य. पण ते उंचीच्या जागी येत नाही, शेजारी येतं; उंची त्यानेही शेलरकडूनच घेतली. आणि असूयेचा आरोप प्रत्येक विरोधकावर नाही. जो आधी ते मूल्य ओळखतो, गाठता येत नाही म्हणून खाली ओढतो, त्याच्यापुरता तो आहे. चौकस, तुमचा जाणण्याचा मुद्दा मात्र लागतो. तिथे शेलरने मूल्याचा आधार आणि मूल्य जाणणाऱ्याचा दर्जा यांची सरमिसळ केली आहे. तिसरी खूण प्राणिकाच्या वर मीही वापरणार नाही. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी अविभाज्यता आणि समाधानाची खोली पुरते.

चौकस
खोली मोजायची कशी, तेवढं सांगा.