हमिंगबर्डच्या फीडरवर हा पिवळट आगंतुक कोण?

खिडकीशेजारी:
मंडळी, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जरा मदत करा. ॲनाज हमिंगबर्ड इथे वर्षभर असतात, म्हणून आमचा साखरपाण्याचा बशीसारखा फीडर थंडीतही टांगलेलाच असतो. सध्या त्यावर एक भलताच पक्षी येतोय. चिमणीहून लहान, रंग शेवाळी-पिवळट, पंखावर पट्टे नाहीत, चोच बारीक आणि टोकदार. हमिंगबर्डसारखं हवेत थांबणं याच्याच्यानं होत नाही. कडेवर पाय रोवतो, मान तिरकी करून भोकात चोच खुपसतो आणि चोचीला लागलेला थेंब दांडीला पुसतो. एकदम घरचा असल्यासारखा! आमचे हे म्हणतात रुबी-क्राउन्ड किंगलेट. मला पटत नाही. कोण असेल? आणि साखरपाण्याने त्याचं काही बिघडेल का?

पानगळ:
ऑरेंज-क्राउन्ड वॉर्बलर वाटतोय. नावातला केशरी रंग शोधत बसू नका, डोक्यावरच्या पिसांखाली तो बहुतेक वेळा झाकलेलाच असतो. त्यापेक्षा शेपटीखाली बघा, तिथला पिवळा उजळ असतो. डोळ्यातून बारीक गडद रेघ जाते आणि भोवतीचं कडं तुटक असतं. किंगलेटच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा, त्याला लागून काळा डाग. शिवाय तो सारखा पंख झटकत असतो.

बरेचसे वॉर्बलर थंडीत मेक्सिको आणि त्याच्याही खाली जातात. हा त्या मानाने चिवट, किनाऱ्यालगत काही जण राहतात. गोडाची सवयही जुनीच. सॅपसकर जातीचे सुतारपक्षी झाडाच्या सालीला भोकं पाडतात, त्यातून पाझरणारा रस हा आयता पितो. तुमचा फीडर त्याच्या लेखी तसलंच एक भोक.

दूरदृष्टी:
टाउनसेंड्स वॉर्बलरवरही नजर ठेवा. पिवळ्या चेहऱ्यावर गालभर काळा डाग, ओळखायला सोपा. मेक्सिकोत हिवाळा काढणारे टाउनसेंड्स खवले किडीचा गोड चिकटा खातात, त्यामुळे साखरपाणी त्यांनाही चालतं.

साखरेचं म्हणाल तर 1 भाग साधी पांढरी साखर, 4 भाग पाणी, बस्स. लाल रंग नको, मध नको (त्याने बुरशी वाढते), आणि कुणी 'पौष्टिक' म्हणून गूळ सुचवेल तर हात जोडा. गुळातलं लोह या जिवांना सोसत नाही. साखर म्हणजे नुसतं इंधन. वॉर्बलरचं खरं जेवण किडे आणि कोळी. सूएट (गुरांची घट्ट चरबी) टांगलंत तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाचं, वाळलेली पानं झाडून काढू नका. तुमचा ऑरेंज-क्राउन्ड गुंडाळलेल्या सुक्या पानांत चोच घालून आत लपलेले किडे काढतो. आणि कीटकनाशक फवारत असाल तर आधी ते थांबवा.

खिडकीशेजारी:
शेपटीखाली पिवळा आहे! घरात बातमी जाहीर केली, समोरून फक्त 'हं' आलं. आता पुढचं: नर हमिंगबर्ड फांदीवर ठाण मांडून बसतो आणि हा आला रे आला की अंगावर धावून जातो. दोघांचं कसं जमवू? आणि फीडरमुळे हा वॉर्बलर स्थलांतर सोडून इथेच अडकून पडणार नाही ना?

पानगळ:
नाही अडकत. स्थलांतराची हाक मुख्यतः दिवस लहान-मोठा होण्यावरून मिळते, फीडरवरून नाही.

भांडणाला उपाय एकच: दुसरा फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, पहिल्यावरून दिसणार नाही असा. त्याला बसायची दांडी हवीच. हमिंगबर्डला ती नसली तरी चालतं, याला नाही.

रात्री पाणी गोठत असेल तर फीडर घरात घ्या, पण उजाडायच्या आत बाहेर टांगा. हमिंगबर्ड गारठ्याच्या रात्री शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतात आणि जागे झाल्यावर त्यांना लगेच खायला लागतं. पाणी गढूळ दिसलं की फेकून द्या, थंडी असली तरी. एकाच भोकात सगळ्यांच्या चोची जातात, तेव्हा गरम पाणी आणि ब्रशने भोकं नीट घासा.

दूरदृष्टी:
फोटो मिळाला तर ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकाच, आणि 'फीडरवर साखरपाणी पिताना' असं शेऱ्यात लिहा.