शाळेतून घरी काय पोहोचतं? (पाचवी ते आठवीच्या वर्षांचे अनुभव)

धागाकर्ती

लेक चौथीत होती तोवर शाळेतलं सगळं फाटकावरच कळायचं. बाई आपणहून सांगायच्या, आज डबा तसाच आणलाय, आज शेजारणीशी कट्टी झालीय. आता ती सहावीत आहे. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, शाळेचं अ‍ॅप आहे, सूचनावही आहे, पालकसभा आहेत. आणि तिच्या बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही भाजीवालीपाशी, त्या मुलीच्या आजीकडून. म्हणजे तीन आठवडे पोरगी बाकावर एकटी बसत होती आणि मी रोज विचारत होते, "आज काय झालं शाळेत?" रोज उत्तर, "काही नाही."

त्या तीन आठवड्यांत ग्रुपवर काय आलं होतं ते मग चिडून मोजलं. मोज्यांच्या रंगाबद्दल 41 निरोप. 'धन्यवाद टीचर' मोजताना साठावर कंटाळले.

तर या मधल्या वर्षांत शाळेची बातमी तुमच्या घरी कोणत्या वाटेने आली, कोणती उशिरा आली, कोणती आलीच नाही, ते लिहा. जुने अनुभव चालतील, शिक्षकांनीही लिहावं. शाळेचं नाव नको. आणि एक विनंती, रात्री दहाला आठवलेल्या घोटीव कागदाचे किस्से नकोत. ते घरटी एक आहेत, धागा तेवढ्यावरच भरेल.

मुलुंडकरीण

गेल्या वर्षीचा 18 ऑगस्ट. 2025. सोमवार, रात्रीपासून धो धो. थोरली नववीत, सकाळचं अधिवेशन, ती छत्री मोडून घेऊन का होईना शाळेत पोचली. धाकटा सातवीत, त्याची शाळा दुपारची. पालिकेने सुट्टी जाहीर केली ती दुपारच्या सत्राला. म्हणजे जो घरात कोरडा बसलाय त्याला सुट्टी, आणि जी शाळेत भिजून बसलीय तिला आणायला मी गुडघाभर पाण्यात.

खरी गंमत त्याआधीची. पहाटेपासून ग्रुपवर सुट्टीची पत्रं फिरत होती. एकावर सही-शिक्का सगळं होतं, तारीख मात्र आदल्या वर्षीची. दुसरं ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं. आपण मुंबईत राहतो, ठाण्याचं पत्र आपल्याला लागू नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शाळेची अधिकृत सूचना सगळ्यात शेवटी आली. तोवर धाकट्याने गणवेश काढून घडी घालून ठेवला होता. त्याला कोणी सांगितलं? म्हणाला, खालच्या मजल्यावरून. तेव्हापासून पावसाळ्यात मी ग्रुप बघत नाही. पालिकेचं अधिकृत खातं बघते आणि खालच्या मजल्यावर विचारते.

गल्लीतला

कोल्हापूर, 1991, सातवी. आमच्या गल्लीत शाळेचे शिपाई राहायचे. त्यामुळं माझ्या दप्तराआधी माझी बातमी घरात. मार खाल्ला, तास बुडवला, गोट्या सापडल्या, सगळं. ते सायकल लावता लावता आईला हाक मारून सांगायचे आणि वर म्हणायचे, "मारू नका वहिनी, पोरगं चांगलं आहे." मार बसायचाच. पण आज वाटतं, त्या दुसऱ्या वाक्यासाठी कुठलंही अ‍ॅप नाही.

तीन_नंबर

थर्माकोलच्या किल्ल्याचा किस्सा चालेल का?

धागाकर्ती

नाही.

फडावरचे_सर

मी शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात, सातवी-आठवीला शिकवतो. शहरातल्या पालकांची अडचण सूचना फार येतात ही. आमची उलटी.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच परत. पोर आजीपाशी गावात. घरातला बरा फोन एकच, आणि तो बापाबरोबर जातो, कारण मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्याचा निरोप त्यावर येतो. मी वर्गाच्या ग्रुपवर लिहितो, 'उद्या सर्वांनी आधारची झेरॉक्स आणावी.' हा निरोप जातो बेळगावकडच्या उसाच्या फडात. पोर इथं, माझ्यापासून चारशे पावलांवर.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्या घरातलं पोर त्यात निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. चार वर्षांचे 48,000. टोळीवाले मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतात ते ज्यांना माहीत आहे त्यांना या आकड्याचं वजन कळेल. परीक्षा सहसा डिसेंबरात, अर्ज त्याच्या आधी. आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायचा म्हटलं की बाप हवा, बापाची कागदपत्रं हवीत, तहसीलच्या गावी दोन खेपा हव्यात.

एका वर्षी एक मुलगी होती. गणितात अशी, की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत उत्तर सांगायची. ग्रुपवर दाखल्याचं तीनदा लिहिलं. तिच्या वडिलांचा प्रत्येक वेळी अंगठा आला. मला वाटलं वाचलं. नंतर कळलं, त्यांना वाचता येत नाही. फोन वाजला की ते अंगठा दाबायचे, म्हणजे 'आलं' एवढंच. टोळी निघाली, अर्जाची मुदत संपली, दाखला नाही. चूक माझी. मी अंगठ्याला उत्तर समजलो.

आता मी श्रावणातच घरोघर जातो. दाखले टोळ्या निघायच्या आत. निरोप लिहीत नाही, बोलून पाठवतो, आवाज. तोही अर्ध्या मिनिटाच्या आत, कारण उसाच्या फडात कोणी दोन मिनिटं फोन कानाला धरून उभं राहत नाही. मुकादमाचा नंबरही माझ्याकडे असतो. गेल्या खेपेला माझ्या वर्गातली दोन पोरं निवडली गेली. निकाल वडिलांना मुकादमाच्या फोनवर सांगितला, मागे ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं, ते तीनदा म्हणाले, "काय म्हणता सर? काय म्हणता?"

पिंपरीची_आई

सर, त्या मुलीचं पुढे काय झालं?

फडावरचे_सर

दहावी झाली. त्यापुढचं विचारू नका.

झब्बा_पायजमा

आम्ही न्यू जर्सीत. इथे मिडल स्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी, इमारतच वेगळी. बातम्यांचा दुष्काळ नाही, पूर आहे. दर शुक्रवारी मुख्याध्यापिकेचं लांबलचक पत्र. बर्फ पडलं की पहाटे पाचला फोन वाजतो, रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, आज शाळा दोन तास उशिरा. पहिल्या वर्षी मी झोपेत त्या आवाजाला "हो हो, थँक यू" म्हणाले होते.

मुलगा सहावीत नवीन होता तेव्हा पत्रात 'पायजमा डे' होता. नवरा खूष. माळ्यावरच्या बॅगेतून गणपतीला घेतलेला झब्बा-पायजमा काढला, इस्त्री केली, पोराला सजवून पाठवला. तिथे सगळी वरात झोपायच्या कपड्यांत, कुणी अस्वलाच्या चपला घातलेल्या. हा मध्ये नवरदेव. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पण मला लिहायचंय ते गुणांबद्दल. इथे शिक्षकांनी गुण भरले की पालकांच्या फोनवर त्या क्षणी दिसतात. तो बसमधून उतरायच्या आत मला माहीत असायचं की विज्ञानात 62. दार उघडायचा आणि माझा चेहरा बघायचा. सातवीत एकदा दारातच बूट न काढता म्हणाला, "आई, तू एकदा तरी मला विचारून कळून घेशील का?" मराठीत म्हणाला, म्हणजे मनापासून. त्या रात्री सूचना बंद केल्या. आता गुण कधी संध्याकाळी कळतात, कधी चार दिवसांनी. एकदा कळलेच नाहीत, आणि मी शोधले नाहीत. (हे खोटं आहे. शोधले. पण बोलले नाही.)

डिचोलीहून

गोव्यात गेल्या वर्षी नवीन शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू केलं, 7 एप्रिल 2025 पासून. पण सगळ्यांना नाही. सहावी ते दहावी आणि बारावी. आमच्या घरात एक सातवीत गेलेली आणि एक पाचवीत. म्हणजे एक सकाळी सहाला उठून रडत शाळेत, दुसरा गादीवरून तिला टाटा करतोय. ही बातमी आम्हाला शाळेआधी पेपरात मिळाली. सावंतवाडीला माहेरी जायचं ठरलेलं, ते मे महिन्यापर्यंत पुढे ढकललं. एप्रिलच्या उकाड्यात वर्ग भरवायचे की नाही यावर घराघरात वाद झाले, मी त्यात पडत नाही. मला एवढंच आठवतं, की धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या बहिणीचा डबा भरला. अर्थात चिडवायला.

मागची_सीट

मी पालक नाही, नाशिकात शाळेची व्हॅन चालवतो, सोळा वर्षं झाली. इथं लिहिलं तर चालेल ना? पोरांच्या बातम्या आधी आम्हाला कळतात. परीक्षेच्या दिवशी कोण उलटी करतं, कोणाच्या घरी भांडण झालंय, कोण डबा न नेता निघालंय.

पाचवीपर्यंत पोरं मला सगळं सांगतात. सहावीपासून गप्प, मग मी आरशात बघतो. एक पोरगा होता, रोज खिडकीसाठी भांडायचा. एक दिवस निमूट मागे जाऊन मधल्या जागेत बसला. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी शेवटी उतरला, बाकीचे उतरल्यावर. त्याच्या आईला सांगितलं, "ताई, याला कोणीतरी त्रास देतंय, शाळेत विचारा." त्या म्हणाल्या, "काका, बाईंनी तर काही कळवलं नाही." मी म्हटलं, बाईंना पाठ्यपुस्तकामागून दिसत नसेल, मला दिसतं. आठवीतली दोन पोरं होती, खाऊचे पैसे काढून घ्यायची. मिटलं ते. पोरगा परत खिडकीसाठी भांडायला लागला तेव्हा मला कळलं की मिटलं. आईचा फोन नंतर आला.

कालिना_2005

हा जुना अनुभव. 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मुलगा सातवीत. शाळा घरापासून चालत पंधरा मिनिटं. दुपारी फोन बंद पडले, मोबाईल लागेना, वीज गेली. मी निघाले, कोपऱ्यावर पाणी छातीला लागलं, लोकांनी मागे ओढलं.

रात्रभर काहीही बातमी नाही. मी हे आजच्या आयांना सांगते तेव्हा त्यांना 'काहीही' म्हणजे किती ते कळत नाही. सकाळी एक माणूस बिल्डिंगखाली आला, ओळख ना पाळख, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याच्या हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर बाईंच्या अक्षरात अकरा मुलांची नावं आणि इमारती. 'सर्व मुले दुसऱ्या मजल्यावर सुखरूप आहेत. बिस्किटे खाल्ली आहेत.' तो ज्या वाटेने घरी चालला होता त्या वाटेवरच्या मुलांची यादी बाईंनी त्याला दिली होती. माझ्या आधी तो चार घरी जाऊन आला होता. चहा घ्या म्हटलं, तर म्हणाला अजून सहा आहेत.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. कागदही त्यानेच नेला, पुढच्या घरी दाखवायला.

निवृत्त_बाई

एकतीस वर्षं पाचवी ते सातवी शिकवली. पालकसभेत आया विचारायच्या, "आमची काही बोलतच नाही, तुमच्याशी बोलते का?" नाही बोलत हो, आमच्याशीही नाही. एकमेकींशी बोलतात, आणि वहीच्या मागच्या पानाशी. मी वह्या तपासताना मागची पानं बघायची. कुणाशी अबोला, कोण नवीन लाडकी, कोणत्या सरांचा राग, कोणाला चित्रं काढता येतात, सगळं तिथे. त्यावर लाल शाई कधी लावली नाही, नाहीतर पुढच्या वेळी पान फाडलेलं असतं.

धागाकर्ती

बाई, तुमचं वाचून काल रात्री लेकीची कच्ची वही उघडली. बरं केलं की वाईट, माहीत नाही. मागच्या पानावर फुली-गोळ्याचे डाव, सगळ्यांत दोन्ही बाजू एकाच अक्षरात. म्हणजे ती एकटीच दोघींचं खेळत होती. त्याखाली चार दिवसांपूर्वीच्या तारखेला डाव बदललाय, गोळे वेगळ्या हाताचे आहेत, मोठे आणि तिरके. आणि कोपऱ्यात बारीक, 'गणित 7/20. आईला रविवारी सांगायचं.'

वही जशी होती तशी ठेवली. आता मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही की मला माहीत आहे. आज शुक्रवार. विचारू का?

निवृत्त_बाई

रविवारपर्यंत थांबा. आणि तिरक्या गोळेवालीला जेवायला बोलवा.