तास सुरू व्हायच्या आधीची तीन मिनिटं: वर्गात पुस्तकांबद्दल बोलतानाचे अनुभव

खडूवाली, शिवाजी पेठ

सहावी ते आठवीच्या वर्गात पुस्तकांबद्दल बोलून पोरांना वाचायला लावायचा प्रयत्न कुणी कुणी केलाय, शिक्षक म्हणून, पालक म्हणून नाहीतर स्वतः त्या बाकावर बसून, त्यांनी इथं लिहा. जमलेलं लिहा आणि फसलेलं तर नक्कीच लिहा. वाचन प्रेरणा दिनाची भाषणं नकोत, ती 15 ऑक्टोबरला ऐकतोच की आपण.

सुरुवात मी करते. सातवीला मराठी शिकवते. पहिल्या वर्षी मी काय केलं, तर पुस्तक घेऊन वर्गात गेले, लेखकाचा परिचय दिला, अख्खी गोष्ट शेवटासकट सांगितली आणि वर विचारलं की यातून आपण काय शिकलो. पोरांनी बरोब्बर उत्तर दिलं. पुस्तक कुणी नेलं नाही. कशाला नेतील, गोष्ट कळली, तात्पर्य पण लिहून झालं.

पुढच्या वर्षी घरच्या गडबडीत एक कादंबरी अर्धीच वाचून झाली होती, तशीच वर्गात नेली आणि खरं ते सांगून टाकलं, की पोरांनो मी 84 पानापर्यंत आलेय, तो मुलगा विहिरीत उतरलाय आणि वरनं कुणीतरी दोर काढून घेतलाय, पुढचं मला पण माहीत नाही. मागच्या बाकावरचा एकजण, ज्याची वही जूनपासून मी बघितली नव्हती, तो म्हणाला मॅडम मला द्या, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गाठून "सांगू काय, सांगू काय" करत माझ्याच मागं लागला. मी कान झाकून स्टाफरूममध्ये पळाले. पुस्तक परत हातात यायला तीन आठवडे लागले, मधे अकरा पोरं होती.

तवापासून माझं एवढंच चालू आहे. तीन मिनिटं बोलायचं, पुस्तक हातात धरून, एखादं पान मोठ्यानं वाचायचं, अडलेल्या जागी थांबायचं आणि मागेल त्याला तिथल्या तिथं देऊन टाकायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कपाटाची किल्ली हेडसरांकडं, रजिस्टर क्लार्ककडं, मग मधल्या सुट्टीत ये म्हटलं की झालं, पोरगं वडापावच्या रांगेत.

शिल्लक_नोंदवही

रजिस्टरवरनं आठवलं. मी झेडपीचा शिक्षक, कारखान्याजवळच्या गावात. दिवाळीच्या आसपास बीडकडनं ऊसतोडीची कुटुंबं येतात, त्यांची पोरं आमच्या पटावर येतात आणि हंगाम संपला की मार्चच्या सुमाराला जातात. त्यांना पुस्तक घरी द्यायचं नाही असा अलिखित नियम होता, कारण हरवलं तर भरणार कोण. सहावीतली एक मुलगी, वर्गात तोंड उघडायची नाही, तिची बोली ऐकून आमची पोरं हसायची म्हणून. एकदा मी किशोर मासिकाच्या जुन्या अंकांचा गठ्ठा उघडून बसलो होतो (बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय, मी पण त्याच्यावरच वाढलो), तर तिनं एक अंक उचलला आणि न विचारता उभी राहून त्यातली गोष्ट सांगायला लागली, वाचून नाही, तिच्या भाषेत. पोरं हसली पहिल्यांदा. मग गप्प झाली. कारण गोष्टीत साप होता आणि ही रोज उसाच्या फडात साप बघणारी, त्यामुळं तो साप लेखकाच्या सापापेक्षा जरा जास्तच खरा झाला.

जाताना तिनं दोन पुस्तकं नेली. मी नोंदवहीत जीर्ण म्हणून लिहून टाकलं. ऑडिटवाले वाचत असतील तर वाचू देत.

मंगळवारपेठी बाबा

आमचं चिरंजीव आठवीला. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की घरात कुणाचं चालत नाही, आणि त्यात त्या वर्षी आठवीला स्कॉलरशिपची परीक्षा होती, म्हणून मी स्वतःच सांगितलेलं की अवांतर वाचन पुढच्या वर्षी. मॅडमनी त्याला बुक टॉक करायला, म्हणजे वर्गापुढं एखाद्या पुस्तकाबद्दल थोडं बोलायला, उभं केलं आणि पठ्ठ्यानं सांगितलं, "मी हे वाचलेलं नाही, पण मधली चार पानं वाचली, त्यात गोलकीपरचा हात मोडतोय, ती चार पानं लई भारी आहेत, बाकीचं तुम्ही वाचून मला सांगा." मला वाटलं मॅडम रागावणार. त्यांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. चौघांनी पुस्तकासाठी नंबर लावले आणि ते चौघं काय सांगतील ह्या धास्तीनं ह्यानं पण शेवटी वाचून काढलं. स्कॉलरशिपचं म्हणाल तर लागली नाही, पण ते फुटबॉलमुळं, पुस्तकामुळं नव्हे.

नाव नको

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या शाळेत हे वरनं आलं. दर सोमवारी परिपाठात एका विद्यार्थ्यानं पुस्तकाबद्दल बोलायचं, फॉर्म भरायचा, लेखकाचं नाव, पृष्ठसंख्या, आवडलेलं पात्र, मिळालेली शिकवण, आणि बोलतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. उन्हात चारशे पोरं उभी, माईक घरघरतोय, आणि पोरगं मोबाईलवरनं उतरवून घेतलेलं पाठ म्हणतंय. एकीनं तर "हे पुस्तक वाचकाला अंतर्मुख करते" असं म्हटलं, वय वर्षं बारा! मी विचारलं बाळ अंतर्मुख म्हणजे काय गं, तर म्हणाली माहीत नाही मॅडम, नेटवर होतं. दोन महिन्यांत पोरं पुस्तक बघितलं की तोंड फिरवायला लागली. गुण लावले की संपलं हे माझं मत, कुणाला पटो न पटो.

कन्या_नागाळा पार्क

आमची लेक इंग्लिश मीडियमला, सहावीत. मराठी वाचायचं म्हटलं की ढेकूळ गिळल्यासारखं तोंड. त्यांच्या मराठीच्या टीचरनी 'यक्षांची देणगी' वर्गात नेलं आणि फक्त एवढं म्हणाल्या की ह्यातल्या विज्ञानकथा लिहिणारा माणूस 1938 साली आपल्या कोल्हापुरात जन्मला आणि केंब्रिजला जाऊन विश्व कसं तयार झालं ह्याच्यावर काम करून आला. नारळीकर कोल्हापूरचे हे मला पण माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पोरगी घरी येऊन पुस्तक मागायला लागली. दोन पानं वाचून दमली, जोडाक्षरं अडतात, मग आज्जीनं वाचायचं आणि हिनं ऐकायचं असं ठरलं. आता अडचण अशी झालीय की आज्जी दुपारीच एकटी पुढं वाचून ठेवतात आणि रात्री दोघींची भांडणं.

पुस्तकं आम्ही करवीर नगर वाचन मंदिरातनं आणतो. 1850 पासूनची संस्था, सासऱ्यांचं पण खातं तिथलंच. मागच्या आठवड्यात तिथं हिच्याच वर्गातली दोन पोरं "ते निळ्या कव्हरचं, टीचरनी दाखवलं ते" एवढ्या माहितीवर पुस्तक मागत होती. तेव्हा टीचर लोकांनो, नाव फळ्यावर लिहा प्लीज.

शिरोळकर मास्तर

जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

2019 च्या ऑगस्टात आमच्या शाळेत पाणी शिरलं. पंचगंगा आणि कृष्णा दोन्हीकडनं, त्यामुळं ओसरायला पण वेळ लागला. ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. पाणी गेल्यावर बघतोय तर दार उघडेना, पुस्तकं भिजून फुगलेली आणि आतनं दाराला दाबून बसलेली. कटावणीनं उचकटलं तर सगळं एकजीव, लगद्याची वीट. तो वास अजून नाकात आहे.

नंतर मदत यायला लागली. दप्तरं आली, वह्या आल्या, पुस्तकांची खोकी पण आली, पण त्यातली निम्मी स्पर्धा परीक्षेची गाईडं आणि जुने दिवाळी अंक. देणाऱ्याचं मन मोठं, त्याबद्दल बोलायचं नाही. मग एका ओळखीच्यांनी थोडे पैसे दिले आणि म्हणाले तुम्हीच यादी करा. मी यादी करायला बसलो आणि लक्षात आलं की कपाटात काय होतं हे मला धड आठवत नाही, रजिस्टर पण वाहून गेलेलं. म्हणून सातवी-आठवीच्या पोरांना विचारलं, बुडालेल्यातलं कुठलं पुस्तक आधी आणायचं, उभं राहून सांगा, आणि बाकीच्यांना पटवा.

असले बुक टॉक मी परत ऐकले नाहीत. हातात पुस्तक नाही, नाव निम्म्यांना आठवत नाही, कव्हरवर घोडा होता सर, एवढंच. पण गोष्ट अशी सांगत होती की घरातली वस्तू हरवल्यासारखी. एकानं सांगितलं की त्याची 30 पानं राहिली होती आणि पुढं काय झालं ते कळलंच नाही. दुसरी उठून म्हणाली मी वाचलंय, सांगते, तर हा ओरडला, सांगू नको, पुस्तक येऊ दे! पैसे थोडे आणि मागण्या जास्त, म्हणून पोरं एकमेकांशी वाद घालायला लागली, तुझं नको माझं घ्या, आणि ज्यांनी कधी काही वाचलं नव्हतं ती पण हात वर करून मत द्यायला लागली.

आता कपाट वरच्या मजल्यावर आहे. 2021 ला परत पूर आला तेव्हा कोरोनामुळं शाळा बंदच होती, पण गावातली तीन पोरं आधी कपाट वर आहे का बघून गेली असं शिपाईमामा सांगत होते.

खडूवाली, शिवाजी पेठ

सर, मतं जास्त कुठल्या पुस्तकाला पडली ते सांगा की. माझ्या पण यादीत घालते.

शिरोळकर मास्तर

भुताच्या. दोन नंबरला पण भुताच्याच. मी सुचवलेल्या चरित्राला एक मत पडलं, ते पण माझंच.