ॲक्टिव्हिजनचा सौदा 'भल्याचाच' म्हणे!

रात्रपाळी:
काल कुणीतरी लिहिलं, 'मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी विकत घेतली, त्यात खेळणाऱ्यांचं भलंच झालं.' वाचून डोकंच फिरलं. ६,८७० कोटी डॉलर मोजून ऑक्टोबर २०२३ मध्ये सौदा पुरा केला, आणि जानेवारीत गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना नारळ! मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स या गेम स्टुडिओला टाळं. त्यांचा 'हाय-फाय रश' गाजून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. चांगला गेम करूनही घरीच बसायचं, तर माणसांनी करायचं काय?

जोशीबुवा:
अहो, टँगो ॲक्टिव्हिजनची नव्हेच. ती २०२१ मध्ये झेनिमॅक्स या दुसऱ्या गेम कंपनीबरोबर मायक्रोसॉफ्टकडे आली. धागा काढण्याआधी कुणी कुणाला घेतलं ते तरी बघा. आणि गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या महिन्याच्या वर्गणीत, ॲक्टिव्हिजनचा 'कॉल ऑफ ड्यूटी' पहिल्या दिवशी मिळाला, तेव्हा नाही वाटतं तक्रार केलीत?

रात्रपाळी:
कुठल्या का पिशवीतून येईना, टाळं लावणारा हात तोच ना? आणि त्याच गेम पासचा सगळ्यात वरचा प्लॅन, अल्टिमेट, ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना २० डॉलरवरून ३० वर नेला. घ्या भलं.

लॅमिंग्टनरोडकर:
भाड्याच्या गेमवरून कसले भांडता? २००८ मध्ये घेतलेली माझी डिस्क परवा पोराने लावली, पहिल्या झटक्यात सुरू. कव्हरवर दुकानदाराने बॉलपेनने लिहिलेली किंमतसुद्धा शाबूत आहे.

जोशीबुवा:
बॉलपेनने? म्हणजे कॉपीच ती.

लॅमिंग्टनरोडकर:
तोंड सांभाळा! बिल आहे माझ्याकडे.

जोशीबुवा:
मुंबईच्या त्या कॉपीबाजारात, लॅमिंग्टन रोडला, बिल मिळालं? मग ते फ्रेम करून लावा.

लॅमिंग्टनरोडकर:
तुमच्यासारखे फुकटे होते म्हणून दुकानं बसली. दोन महिने डबा नेऊन पैसे साठवले होते मी त्या डिस्कसाठी.

मुठाकाठ:
डिस्कपुराण आवरा. टँगोला ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टॉन या कोरियन गेम कंपनीनेच उचललं ना? म्हणजे घेणारा दरवेळी खाटीकच असतो असं नाही. त्याच क्राफ्टॉनने २०२५ मध्ये पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये पैसे घातले, 'रिअल क्रिकेट' गेमवाले. आमच्या धंद्यात बाहेरचा पैसा आला तर निदान घरी सांगता येतं. मी गेम बनवतो म्हटल्यावर मुलीचे वडील म्हणाले होते, 'ते झालं, पण काम काय करता?'

रात्रपाळी:
बरं बाबा, क्राफ्टॉनचं मान्य. पण आधी बुडवली म्हणून उचलायची वेळ आली, हेही लिहा की.

लॅमिंग्टनरोडकर:
बिल सापडलं. फोटो काढतोय. जोशीबुवा, जाऊ नका कुठे.